तिसरी गैरहजेरी

माणूस आत असताना तो बाहेर गेलाय असं सांगणं ही एक कला आहे, आणि ढब्बूच्या आईने ती हाडांच्या डॉक्टरांकडे उभी हयात घालवून कमावली होती. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक उंच टेबल, त्यावर टेलिफोन, मागे भिंतीवर मणक्याचं मोठं चित्र, आणि टेबलामागे ती. डॉक्टर दुपारी जेवले की आत तपासणीच्या बाकावर आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. मग ती बाहेरचा पंखा मोठा करायची. "डॉक्टर आत्ताच बाहेर पडले हो. जरा आधी आला असतात तर दारातच गाठ पडली असती." हे ती इतकं हळहळून सांगायची, की येणाऱ्याला स्वतःपेक्षा तिचंच वाईट वाटायचं. औषधं विकायला येणारे, वर्गणी मागणारे, ओळख काढून फुकट सल्ला घेणारे, सगळ्यांना तिने वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि एकालाही दुखावलं नाही. दवाखाना बंद करताना डॉक्टर भाषणात म्हणाले, "मी लोकांची हाडं सांभाळली आणि बाईंनी माझी झोप सांभाळली." लोक हसले, टाळ्या पडल्या, ती लाजली. आपलं हे कौतुक खोटं बोलण्याबद्दल चाललंय हे तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

ढब्बू ही तिची एकुलती एक लेक. वर्तमानपत्रात छापून यायचं ते नाव वेगळं, पण घरात ती ढब्बूच. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. वडील लवकर गेले, नाव तेवढं राहिलं. पोरगी वाढली ती उंचीने आणि रुंदीने सारखीच वाढली. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिचे खांदे पाहिले आणि तिच्या हातात हातोडा दिला. हा हातोडा खिळे ठोकायचा नव्हे. लांब तारेच्या टोकाला लोखंडी गोळा असतो. तो धरून जाळीच्या आत, सिमेंटच्या वर्तुळात गरगर फिरायचं आणि नेमक्या क्षणी सोडून द्यायचा. नातेवाइकांनी तेव्हा पोट धरधरून हसून घेतलं. "हिच्या सासरी भांडण झालं तर भांडी कुठवर जातील!" असं मामा म्हणाला होता. पुढे ढब्बूने देशात पहिला नंबर काढला, टीव्हीवर दिसली, तेव्हा हाच मामा कार्यालयातल्या चार जणांना घेऊन फोटो काढायला आला.

मग त्यांच्या घराचं दार म्हणजे दवाखान्याचं टेबल झालं. फोटोवाले, सत्कारवाले, दुकानाचं उद्घाटन करायला बोलावणारे, आपल्या मुलाला दोन शब्द सांगा म्हणणारे. मुलगी पहाटे सरावाला जाऊन दमून यायची, आणि जरा डोळा लागला की बेल वाजायची. आईने बेलची तार काढून टाकली. लोक दार ठोठावू लागले. मग तिने आपली जुनी विद्या बाहेर काढली. "अगबाई, आत्ताच सरावाला गेली हो. जिन्यात नाही भेटली?" ढब्बू आतल्या खोलीत पालथी झोपलेली असायची आणि बाहेर आई हळहळत असायची. लोक कौतुक करत परत जायचे, पोरगी किती कष्टाळू म्हणून.

आता या खेळाच्या जगातल्या एका भानगडीबद्दल सांगायला हवं. तिथे औषधं घेऊन ताकद वाढवणारे लोक आहेत. पूर्वी एका मोठ्या स्पर्धेत ढब्बू चौथी आली होती. तिसरी आलेली बाई औषधं घेत होती हे नंतर बऱ्याच काळाने उघडकीला आलं, आणि ढब्बूचं पदक तिला कुरिअरने घरी आलं. जाड पाकिटात, पुठ्ठ्यात गुंडाळून. आईने सही करून घेतलं. ना राष्ट्रगीत, ना उभं राहायला पायरी, ना टाळ्या. ढब्बूने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "तिला तेव्हाच पकडायला हवं होतं." त्या दिवसापासून नियमांबद्दल कुणी कुरकुर केली की ती चिडायची. "कडकच हवेत. नाहीतर आमच्यासारख्यांनी काय पोस्टमनची वाट बघत बसायचं?"

आणि नियम होतेही कडक. मोठ्या खेळाडूने रोज एक तास कुठे सापडेन ते आधीच फोनवर नोंदवून ठेवायचं. त्या तासाला तपासनीस केव्हाही येणार, न कळवता, आणि लघवीचा किंवा रक्ताचा नमुना घेणार. खेळाडू सापडली नाही तर एक गैरहजेरी. वर्षभरात तीन गैरहजेऱ्या झाल्या की औषध घेतल्यासारखीच शिक्षा. घेतलंय की नाही हा प्रश्नच उरत नाही.

ढब्बूच्या दोन झाल्या होत्या. एकदा सराव शिबिरात ऐनवेळी वसतिगृह बदललं आणि नवा पत्ता नोंदवायचा राहिला. दुसऱ्यांदा घरी परतताना बस वाटेत बंद पडली. दोन्ही वेळा तिने चूक कबूल केली होती. सर, म्हणजे तिचे प्रशिक्षक, खास घरी येऊन आईला सांगून गेले, "ताई, आता एक जरी झाली तर संपलं सगळं. येत्या उन्हाळ्यात जागतिक स्पर्धा आहे. पोरगी पदकाच्या आसपास फेकतेय. सकाळचा तास लावलाय, त्या तासाला दार उघडं ठेवा, बस."

आईने ते शब्दशः घेतलं. रोज सकाळी त्या तासाला ती दार किलकिलं करून समोर खुर्ची टाकून बसायची. दूधवाल्याला वाटायचं आपलीच वाट बघतायत. एकदा तपासनीस खरंच आले, तेव्हा तिने त्यांचं असं स्वागत केलं की ते बिचारे गांगरले. तास संपला की दार बंद, आणि मग दिवसभर तीच जुनी विद्या.

त्या वसंतात ढब्बू परदेशातली स्पर्धा आटोपून घरी आली. तिकडे दिवस असताना इकडे रात्र, झोपेचं पार खोबरं झालेलं. तिने विमानतळावर बसूनच हिशेब केला: सकाळी आपण नक्की कुठे असू सांगता येत नाही, विमान उशिरा सुटतं, पण दुपारी आपण घरीच असणार, मेल्यासारखे झोपलेले. तिने फोनवर त्या दिवसापासून आठवडाभराचा तास दुपारचा करून टाकला. शहाणपणाचंच केलं. आईला सांगायचं तेवढं राहिलं.

घरी आली ती डोळे अर्धे मिटलेलेच. आईने पुढ्यात ठेवलेलं सगळं मुकाट्याने खाल्लं, "आई, मी जरा पडते" म्हणाली आणि बूट दाराबाहेर, पिशवी दाराच्या आत, जीव गादीवर अशी अवस्था झाली. आईने तिच्या हातातला फोन हळूच सोडवून घेतला, आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. सकाळचा तास तिने नेहमीप्रमाणे दारात बसून काढला होता, लेक वाटेत असताना सुद्धा. कुणी आलं नव्हतं. आज सुटलो, असं तिला वाटत होतं.

दुपारी दार वाजलं. बाहेर एक सडपातळ बाई, खांद्याला साधी पिशवी. जिन्याच्या भिंतीशी, शिष्टाचाराने जरा लांबच उभी.

"त्या आहेत का घरी? भेटायचं होतं."

"काय काम होतं?"

"ते त्यांनाच सांगावं लागेल."

सगळे हेच म्हणतात. मामाच्या कार्यालयातले लोकही हेच म्हणाले होते. आईच्या चेहऱ्यावर ती जुनी हळहळ आपोआप पसरली.

"अगबाई, आत्ताच सरावाला गेली हो. जिन्यात नाही भेटली?"

"केव्हा येतील?"

"तिचं काही खरं नाही. एकदा मैदानावर गेली की तिला घराची आठवण नसते."

बाईने दाराबाहेरच्या बुटांकडे पाहिलं. एवढे मोठे बूट त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचे असणं शक्य नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, पुन्हा बुटांकडे पाहिलं. "मी थांबते," म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. आईने दार लावून घेतलं आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. बाई बसूनच होती. असली चिवट गिऱ्हाइकं दवाखान्यातही यायची. त्यांच्याशी भांडायचं नाही, त्यांना पाणी द्यायचं. आई पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेली. "उगाच खोळंबू नका हो. मी सांगेन तिला तुम्ही येऊन गेलात म्हणून. नाव काय सांगू?" बाई पाणी प्यायली, आभार मानले आणि नाव सांगितलं नाही. नमुना घ्यायला आलोय हे फक्त खेळाडूलाच सांगायचं, घरच्यांना नाही, असा त्यांचा नियम. घरच्यांना आधी कळलं तर आत काहीतरी सारवासारव होते म्हणे. त्या बाईने एक शब्द बोलायचा अवकाश होता. आई धावत जाऊन लेकीला गादीवरून ओढून आणणार होती. पण बाई नियमाची पक्की, आणि आई दाराची पक्की.

तास संपत आला तेव्हा स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी फोन थरथरला. अनोळखी नंबर. आईने तो कापला. पुन्हा थरथरला, पुन्हा कापला. "झोपू द्या की मेल्यांनो पोरीला," ती पुटपुटली. थोड्या वेळाने भिंगातून पाहिलं तर पायरी रिकामी होती आणि पेला दाराशी नीट ठेवलेला होता. आईला बरं वाटलं. बाई होती तशी चांगल्या घरची.

पत्र फोनवरच आलं, काही दिवसांनी. ढब्बू जेवता जेवता वाचत होती. तिचा घास हातातच राहिला.

"आई, मंगळवारी दुपारी कुणी आलं होतं?"

"कोण येणार? एक बाई आली होती. चिकट होती नुसती. घालवली मी."

ढब्बूने फोन तिच्यापुढे धरला नाही. स्वतःच वाचून दाखवलं, सावकाश, शाळेत धडा वाचतात तसं. खेळाडूच्या आईने खेळाडू सरावाला गेल्याचं सांगितलं. दाराबाहेर मोठ्या मापाचे बूट होते. फोन दोनदा कापण्यात आला. ही तिसरी गैरहजेरी.

"अगं पण सकाळचा तास असतो ना?" आई म्हणाली. "मी बसले होते सकाळी. पूर्ण तास बसले होते दारात."

"मी बदलला होता."

"मग सांगायचं नाही?"

"राहिलं."

आईला वाटलं ही आता ओरडेल, ताट भिरकावेल. भिरकावलं असतं तर ते शेजारच्या इमारतीत गेलं असतं. पण ढब्बू उठली, हात धुतले आणि खुर्चीवर येऊन बसली. "मी घरात होते," ती म्हणाली. "भिंतीच्या पलीकडे होते गं मी."

सरांनी एक वकीलबाई गाठून दिली. खेळाडूंचीच प्रकरणं लढवणारी, तोंडाने फटकळ, पण कामात चोख. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही घरी होतात हे आत्तापर्यंत कुणाला लिहून कळवलंय?"

"नाही."

"देव पावला. कळवूही नका." वकीलबाईने खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. तुम्ही सरावाला गेला होतात आणि तास बदलायचं विसरलात, असं कबूल केलंत तर ही निव्वळ तिसरी गैरहजेरी. दोन वर्षांची बंदी. तुम्ही नेहमी कबूल करता, वागणूक चांगली आहे, मी भांडले तर वर्षावर आणीन. पण तुम्ही घरात होतात आणि तुमच्या आईने नाही म्हणून सांगितलं, असं म्हणालात की ते विचारणार, का सांगितलं? कुणाच्या सांगण्यावरून? त्याला म्हणतात तपासणी चुकवणं. त्याला चार वर्षं. त्यांनी बुटांचं लिहून ठेवलंय ते उगाच नाही."

"पण मी चुकवली नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मागे एका चॅम्पियनबाईचा नवरा दारात उभं राहून असाच ती घरी नाही म्हणत होता आणि ती न्हाणीघरात लपली होती. तेव्हापासून घरी नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांना ते एकाच मापाने मोजतात."

"मग मी खोटं सांगू? खेळात खोटेपणा नको म्हणूनच तर असे नियम आहेत. आणि मीच तिथे जाऊन खोटं सांगू?"

वकीलबाईने आईकडे पाहिलं. आता तुम्हीच समजवा, अशी ती नजर होती. आईने रस्ताभर समजावलं, घरी आल्यावर समजावलं, दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून समजावलं. "अगं एवढंच तर म्हणायचं, सरावाला गेले होते. मी आयुष्यभर हेच म्हणत आले, माझं काही वाकडं झालं का?" सरांनी मान खाली घातली होती. त्यांना पोरीचं म्हणणं पटत होतं आणि वकीलबाईचंही, आणि अशा माणसाचा कुणालाच उपयोग नसतो.

"ते तिघं जण बसणार आहेत ना ऐकायला," ढब्बू म्हणाली, "त्यांचं कामच आहे खरंखोटं ओळखणं. आपण खरं सांगू. तूही खरं सांग. जसं झालं तसं. मला शब्द दे."

आईने शब्द दिला. द्यायला नको होता.

सुनावणी वकीलबाईच्या कार्यालयात, संगणकाच्या पडद्यावर झाली. तीन चौकटींत तीन माणसं: मधे पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, एका बाजूला कुणी डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पूर्वी स्वतः धावलेली एक बाई. चौथ्या चौकटीत दुभाषा. ते त्यांच्या भाषेत बोलायचे, मग दुभाषा आपल्या, आणि मधल्या त्या रिकाम्या जागेत आई त्यांच्या चेहऱ्यांकडे टक लावून पाहायची. चेहऱ्यांवरून माणूस ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण हे चेहरे तिला वाचता येईनात.

आधी ढब्बूला विचारलं. तिने ताठ बसून उत्तरं दिली. तास बदलला होता? हो. आईला सांगितलं नव्हतं? राहून गेलं. फोन का उचलला नाही? तो स्वयंपाकघरात होता. तिथे कसा गेला? आईने नेऊन ठेवला. आवाज? आईने बंद केला. आणि फोन कापला? तोही आईनेच. एकेक गोष्ट खरी होती. पण एकापुढे एक मांडल्या तेव्हा वकीलबाईने डोळे मिटून घेतले. एवढं सगळं खरं एका दुपारी एकाच घरात घडतं का, असं कुणालाही वाटलं असतं.

मग आईची पाळी आली.

"मुलगी सरावाला गेली आहे असं तुम्ही सांगितलंत. ते खरं होतं का?" दुभाष्याने विचारलं.

"नाही. ती आत झोपली होती."

"मग तसं का सांगितलंत?"

आईने शब्द दिला होता. तिने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. दवाखाना, टेबल, डॉक्टरांची दुपारची झोप. पंख्याचं सांगितलं. औषधवाल्यांचं सांगितलं. बोलता बोलता तिची भीड चेपली, आवाजात रंग भरला, कारण हे सगळं खरं होतं आणि तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. पूर्वीची धावणारी बाई जराशी हसली. आईला वाटलं, जमतंय. वकीलबाईने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबला. आईला वाटलं, शाबासकी.

"म्हणून सांगते साहेब, ती सवय आहे हो माझी. तोंडातून आपोआप निघतं. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती कशाला सांगेल मला? मला शिकवावं लागत नाही."

अध्यक्षांनी काही लिहून घेतलं. मग त्यांनी अगदी सौम्यपणे काही विचारलं, आणि दुभाष्यानेही ते तितक्याच सौम्यपणे सांगितलं.

"म्हणजे या कामात तुम्ही तरबेज आहात?"

"तरबेज म्हणजे... इतक्या वर्षांत एकदाही पकडले गेले नाही."

"तुम्ही खरं बोलताय की नाही हे समोरच्याला कळत नाही?"

"अजिबात नाही," आई म्हणाली. म्हणताना तिची मान जराशी वर झाली होती. पुढे कित्येक दिवस तिला ती वर झालेली मानच आठवत राहिली.

"मग ते आम्हाला कसं कळावं?"

आईने ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू पडद्याकडे बघत होती.

"पण आत्ता मी खरं बोलतेय," आई म्हणाली. "आईशपथ खरं बोलतेय. हिने मला शब्द द्यायला लावलाय."

दुभाष्याने ते सांगितलं. शेवटचं वाक्य ऐकून पडद्यावरच्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, आणि काय होऊन बसलं ते आईच्या ध्यानात आलं.

"काय बोलायचं हे तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलं होतं?"

"खरं बोल म्हणून सांगितलं होतं!"

"तपासनीस बाईंशीही तुम्ही इतक्याच मनापासून बोलला होतात," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी आभार मानले. फार सभ्य माणूस.

निकाल आला तो चार वर्षांचा. वकीलबाईने आपल्या भाषेत समजावून सांगितला. खेळाडूच्या आईची साक्ष विश्वासार्ह मानता येत नाही. असत्य सांगण्याचा आपल्याला दीर्घ सराव असल्याचं त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितलं आहे. साक्ष कशी द्यावी याबाबत मायलेकींत आधी बोलणं झालं होतं. खेळाडू घरात होती हे तिला स्वतःला मान्य आहे. तेव्हा ती घरात असून तपासणीला पुढे आली नाही एवढंच सिद्ध होतं. औषध घेतल्याचा कोणताही पुरावा नाही, असंही त्यात होतं, शेवटी, एका ओळीत. सर बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आले. वर दाद मागता येईल, वकीलबाई म्हणाली, पण तिथे तुमच्या आईंनी हे सगळं तुम्हाला अडकवायला मुद्दाम केलं असं दाखवावं लागेल. ढब्बूने मान हलवली, नाही म्हणून. चार वर्षांनी ती परत येईल तेव्हा तिच्या खांद्यांचं काय राहिलं असेल हे सरांना माहीत होतं, तिला माहीत होतं. त्या उन्हाळ्यातल्या जागतिक स्पर्धेत तिच्यापेक्षा कमी लांब फेकणारी एक मुलगी तिसरी आली. नियमाप्रमाणे.

त्या दिवशी दुपारी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. टीव्हीवर स्पर्धा चालू होती, ढब्बूनेच लावली होती, आणि पदक दिल्यावर तिनेच बंद केली. आईच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट खदखदत होती. ती शेवटी बाहेर पडली.

"तूच म्हणालीस खरं सांग म्हणून. मी नको म्हणत होते."

"हो."

"आता मला बोल लावू नकोस."

"नाही लावत." ढब्बू आपल्या तळहाताकडे बघत होती. तारेच्या मुठीने बोटांवर पडलेले घट्टे आता मऊ पडू लागले होते, त्यांची कातडी ती नखाने सोलत होती. "तुझं बरोबर होतं, आई. तू खोटंच बोलायला हवं होतंस. तुला येत होतं. मीच बोलू दिलं नाही."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर आईने सोसलं असतं. तिने ते शिकल्यासारखं म्हटलं. दवाखान्यातल्या नव्या मुलीला आई टेबलामागे उभं करून सगळं समजावून सांगायची आणि ती मुलगी मान डोलवून "हं, कळलं" म्हणायची, अगदी तसं. आईला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही, तूच बरोबर होतीस. पण आपण हे म्हटलं तर ते खरं वाटेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.